‘उद्या शंभर टक्के येतो’, पण त्या उद्याचं बिल कुणाच्या नावावर?

घराचं काम काढलेला माणूस चार लोकांत बसला की पाच मिनिटांत वाद पेटतो आणि त्यात बाजू दोनच असतात. एक म्हणतो गवंडी, प्लंबर, सुतार, रंगारी सगळे एका माळेचे मणी, ॲडव्हान्स खिशात पडेपर्यंत गोड बोलतात आणि मग फोन उचलत नाहीत, उचललाच तर "निघालोच" म्हणतात आणि ते निघणं संध्याकाळपर्यंत चालतं. दुसरा उसळून म्हणतो तुम्हाला हाताने काम करणाऱ्याची किंमतच नाही, डॉक्टरने फी सांगितली की मुकाट देता आणि फरशी बसवणाऱ्याशी घासाघीस करता, मग काम पण तसंच मिळणार. मी या दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडलोय, त्या दिवशी घरी काम झालं होतं की नव्हतं त्याप्रमाणे. पण दोन महिने धूळ खाल्ल्यावर मला वाटायला लागलंय की हा वादच फालतू चाललाय, कारण दोघंही माणसाच्या स्वभावावर बोलताहेत आणि भानगड सगळी हिशोबाची आहे. मिस्त्री आला नाही की तो दिवस माझ्या खिशातून जातो. मी टाइल निवडायला आठ दिवस लावले की ते आठ दिवस त्याच्या खिशातून जातात. म्हणजे उशीर करणारा एक आणि भरणारा भलताच. अशा ठिकाणी देवमाणूस आणून ठेवला तरी महिन्याभरात तो पण "उद्या शंभर टक्के" म्हणायला लागेल.

एक नमुना सांगतो. बाथरूमची फरशी बसली, दिसायला झकास, सांधे सरळ, ग्राउट भरलेलं. पहिली बादली ओतली आणि पाणी जाळीकडे जायचं सोडून निवांत उलट्या कोपऱ्यात जाऊन बसलं. तळहाताएवढं तळं. मिस्त्रींना बोलावलं, ते उकिडवे बसून त्या पाण्याकडे बघत राहिले, मग बोटाने थोडं पाणी जाळीच्या दिशेला ढकललं आणि म्हणाले, "साहेब, उतार आहे की, वायपर मारायचा फक्त." मी म्हटलं मिस्त्री, उतार असेल तर वायपर कशाला? तर म्हणे जाळीचा पाइपच प्लंबरने वर ठेवलाय, मी काय करणार. प्लंबर म्हणाला मी पाइप ठेवला तेव्हा फरशीची लेव्हल मला कुणी सांगितलीच नव्हती. मग वॉटरप्रूफिंगवाल्याने कोबा जाड केला म्हणून लेव्हल चढली यावर दोघांचं एकमत झालं, वॉटरप्रूफिंगवाला अर्थातच तिथे नव्हता. यात डोकं फिरवणारी गोष्ट काय, तर तिघंही खरंच बोलत होते. मीटरमागे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उतार लागतो हे तिघांनाही माहीत होतं. तो उतार कुणाच्या कामात धरायचा हे कुठेच ठरलेलं नव्हतं, म्हणून तो कुणाच्याच कामात आला नाही. शेवटी तेवढा भाग फोडून परत केला, मजुरी निम्मी-निम्मी वाटून घेतली, दिवस मात्र सगळे माझे गेले.

पूर्वी माणसं अशी नव्हती, आता कामाची लाजच राहिली नाही, असं म्हणणारे भेटले की मला सिसेरो आठवतो. रोममधला नावाजलेला वकील आणि राजकारणी. इसवी सनापूर्वी ५४ मध्ये तो आपल्या भावाला पत्र लिहितोय, भाऊ सीझरच्या सैन्याबरोबर लांब आहे आणि त्याच्या घरांची कामं हा जाऊन बघून येतोय. तर लिहितो काय, की डिफिलस नावाच्या बांधकामवाल्याने जे खांब उभे केलेत ते ना ओळंब्यात आहेत ना समोरासमोर, ते आता पाडायचे, कधीतरी हा माणूस ओळंबा आणि दोरी वापरायला शिकेल. त्याच पत्रात त्याच कामाबद्दल म्हणतो की डिफिलस हा डिफिलसपेक्षाही मंद निघाला. दोन हजार वर्षं उलटून गेली, ओळंब्याच्या जोडीला लेझर आला, डिफिलस आहे तिथेच आहे. मग ‘आजकालची माणसं’ हे कारण कसं असेल?

बरं, ते खोटं बोलतात का? "आठ दिवसांत देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला तेव्हाच माहीत असतं का की महिना लागणार? काहींना असतं, ते नाकारत नाही. पण बहुतेकांना खरंच तसं वाटत असतं. डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या रोगाला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं, म्हणजे माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज सगळं सुरळीत होईल असं धरूनच बांधतो, मागच्या दहा कामांना किती वेळ लागला होता ते त्याला त्या क्षणी आठवत नाही. १९९४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं किती दिवस लागतील, सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिघडत गेलं तर? साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाज पण कमी पडला, आणि त्या पोरांना कुणाचा ॲडव्हान्स ढापायचा नव्हता. मिस्त्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते, तो फक्त हात चालण्याचे दिवस मोजतो. एका भिंतीचा गिलावा एका दिवसात होतो, पण त्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं, मग तो नीट वाळू द्यायचा, मग पुट्टी, मग परत वाळणं, मग घासणं. भिंत ओली असताना घाई केली की चार महिन्यांनी रंगाला फोड येतात आणि पापुद्रे निघतात. हे वाळण्याचे दिवस मिस्त्रीच्या आठ दिवसांत नसतात आणि आपल्याही डोक्यात नसतात, कारण आपल्याला आठ दिवस ऐकायचेच असतात. जो गवंडी खरं सांगेल की साहेब पाच आठवडे लागतील, त्याला आपण काम देतो का? आपण आठ दिवसवाल्याला देतो आणि मग पाच आठवडे त्याला शिव्या घालतो.

आता मधेच गायब होण्याचं. ते तर सरळ गणित आहे. कारागिराकडे तीन कामं चालू असतात, कारण एकच धरलं आणि तिथे मालकाने टाइल आणल्या नाहीत, नाहीतर आधीच्या माणसाचं काम संपलंच नाही, तर त्या दिवशी त्याचा हात रिकामा आणि घरी पैसे नाहीत. तीन कामं धरली की एक अडलं तरी दुसरीकडे जाता येतं. आणि काम सुरू करताना ॲडव्हान्स मिळतो, म्हणून नवीन काम सुरू करण्यात जी घाई असते ती जुनं संपवण्यात नसते. शेवटचे दोन दिवस तर सगळ्यात किचकट, सांधे भरा, डाग काढा, कपाटाचं दार घासतंय ते बघा, आणि त्याचे उरलेले पैसे किती? चिल्लर. बहुतेक आपण आधीच देऊन बसलेलो असतो, तो दरवेळी "थोडे सोडा ना साहेब, माणसांना द्यायचेत" म्हणाला आणि आपण सोडत गेलो. मग नव्वद टक्के पैसे आणि ऐंशी टक्के काम अशा अवस्थेत घर महिनोन् महिने लटकतं. यात दुष्टपणा कुठे आहे? तुमचा पगार महिन्याच्या सुरुवातीलाच मिळाला असता आणि तिकडे दुसरी नोकरी पण महिन्याच्या सुरुवातीलाच पगार देत असती तर तुम्ही वीस तारखेला कुठे असता?

इथे कारागिरांची बाजू घेणारे जे म्हणतात त्यातलं सगळ्यात वजनदार म्हणणं आधी मान्य करून टाकतो. मालक लोक शेवटचे पैसे बुडवतात. काम संपलं की एकेक खुसपट निघतं, इथे ओरखडा, तिथे शेड वेगळी, आणि त्या नावाखाली शेवटची रक्कम आज-उद्या करत गिळली जाते. एका सुताराने मला सांगितलं होतं की शेवटचा हप्ता मी धरतच नाही, आला तर आला, म्हणून तो आधीच दरात चढवतो. म्हणजे प्रामाणिक मालक बुडव्या मालकाचे पैसे भरतोय आणि प्रामाणिक कारागीर पळपुट्या कारागिराचा संशय झेलतोय. हे सगळं खरं आहे. पण यातून ‘म्हणून कारागिराला काही विचारू नका’ हे कसं निघतं? यातून एवढंच निघतं की दोघांवरही बंधन पाहिजे.

ही कल्पना काही माझी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कंटकशोधन’ म्हणून अख्खं अधिकरण आहे, समाजातले काटे काढायचं, आणि त्यातलं पहिलंच प्रकरण कुणाचं, तर कारागिरांपासून लोकांच्या रक्षणाचं! (हे वाचून मी पहिल्यांदा मोठ्याने हसलो होतो.) कारागिराने जागा, वेळ आणि काम ठरवून काम करावं, वेळ टळली तर मजुरी पावभर कापावी आणि वर तिच्या दुप्पट दंड, सांगितलं एक आणि केलं भलतंच तर मजुरी गेली. इथपर्यंत वाचून मालक लोक खूश होतील. पण त्याच ग्रंथात आधीच्या अधिकरणात मजुरी न देणाऱ्यालाही दंड आहे, आणि त्याहून मजेदार म्हणजे काम ठरवून करून न घेणारा मालक आणि काम ठरवून न करणारा माणूस या दोघांना सारखाच दंड, बारा ‘पण’ (तेव्हाचं नाणं). आजारी पडला, संकटात सापडला तर कामकऱ्याला सूटही आहे. मग तिथे एक वाद दिलाय. माणूस कामावर हजर झाला आणि मालकाने काम दिलंच नाही तर? जुने आचार्य म्हणतात काम झालं असं समजा. कौटिल्य म्हणतो नाही, मजुरी केलेल्या कामाची, न केलेल्याची नाही. पण लगेच पुढे म्हणतो की मालकाने थोडं जरी काम करून घेतलं आणि मग अडवलं तर मात्र ते पूर्ण झालं असंच धरायचं. म्हणजे अर्ध्यात लटकवण्याची किंमत, लटकवणारा जो असेल त्याच्या डोक्यावर. आपण ज्या गोष्टीवर चार तास घसा कोरडा करतो ती या माणसाने चार ओळींत निकालात काढलीय. प्राचीन बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याचंही तसंच आहे, लोकांना त्यातलं घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड एवढंच लक्षात राहतं. त्याच्या आधीचं कलम बांधणाऱ्याला मजुरी किती द्यायची याचं आहे, आणि घरबांधणीचं शेवटचं कलम म्हणतं भिंत कलली तर त्याने ती स्वतःच्या पैशाने पक्की करून द्यावी. आधी त्याचे पैसे, मग त्याची जबाबदारी, क्रम बघा.

दुसरा आक्षेप पण कच्चा नाही. जुन्या घराच्या कामात भिंतीच्या आत काय आहे ते भिंत फोडल्याशिवाय कळत नाही, मग आधीच आकडा आणि तारीख कशी लिहून द्यायची? फरशी उचलली आणि खाली पाइप सडलेला निघाला, वायरिंग इतकं जुनं की हात लावला की वेष्टण भुगा होऊन पडतंय, यात प्लंबरची काय चूक? काहीच नाही. पण ‘नक्की आकडा सांगता येत नाही’ आणि ‘आकडाच सांगणार नाही’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्राचीन ग्रीकांच्या एफिसस शहरात सार्वजनिक बांधकामाला एक कायदा होता, रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसने तो नोंदवून ठेवलाय. काम घेणाऱ्याने खर्चाचा अंदाज द्यायचा आणि काम संपेपर्यंत त्याची मालमत्ता तारण राहायची. अंदाजात बसवलं तर सन्मान. अंदाजाच्या वर एक चतुर्थांशापर्यंत गेलं तर तो खर्च शहर सोसणार. त्याच्यापुढे गेलं तर त्याच्या घरच्या पैशातून. म्हणजे भिंतीत काय दडलंय हे माहीत नसतं हे त्या लोकांना चांगलंच कळत होतं, म्हणून तर पावपट जागा सोडली होती! आणि विट्रुव्हियस पुढे हळहळतो की असा कायदा आपल्याकडे खासगी घरांनाही असता तर बरं झालं असतं. तारण वगैरे आता कुणी ठेवणार नाही आणि ठेवूही नये, छोटा कारागीर त्यात मरेल. पण भिंत फोडल्यावर नवीन काही निघालं तर काम तिथे थांबवायचं, दोघांनी बघायचं, वाढीव पैसे आणि वाढीव दिवस तिथल्या तिथे लिहायचे आणि मग पुढे जायचं, एवढं तर अशक्य नाही? आत्ता काय होतं, सगळं झाल्यावर शेवटी एका कागदावर ‘एक्स्ट्रा’ म्हणून सतरा ओळी येतात आणि त्यातल्या दहा आपल्याला पहिल्यांदाच कळतात.

राहता राहिला विश्वास. कागद कसला करता, विश्वासावर चालतं, ओळखीचा माणूस आहे, असं सांगणारे खूप. मी पण ओळखीचाच आणला होता. ओळखीचा एक तोटा असतो तो कुणी सांगत नाही, आपल्याला त्याला काही बोलता येत नाही. कोपऱ्यात पाणी साचलेलं दिसतंय आणि मावसभावाचा मित्र म्हणून तुम्ही "बघा जरा जमलं तर" म्हणताय. शिवाय तोंडी बोलणं दोघांच्या डोक्यात वेगवेगळं साठतं, त्याला वाटतं पुट्टीचे दोन हात, मला वाटतं भिंत आरशासारखी. दोघंही इमानदार, दोघंही चिडलेले.

आता स्वतःकडे बोट. कपाट कुठे बसवायचं हे मी इलेक्ट्रिकचं काम संपल्यावर ठरवलं, आणि आज त्या कपाटाच्या मागे एक सुंदर स्विचबोर्ड आहे, चार बटणांचा, तो कधी कुणी वापरणार नाही. त्याच्याऐवजी दुसरीकडे बोर्ड बसवायचे पैसे मी दिले, पण दिवस? रंगारी त्या दोन दिवसांसाठी आला होता, भिंत परत फोडलेली बघून परत गेला, आणि मग नऊ दिवस आला नाही. त्या नऊ दिवसांत मी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. बदलाचे पैसे दिले की आपलं कर्तव्य संपलं असं आपल्याला वाटतं, बदलाने मोडलेला रांगेतल्या पुढच्या तिघांचा आठवडा आपल्या हिशोबात येतच नाही. आणि हे फक्त अडाणी मालकांचं नाही हां. सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा १९५७ चा अंदाज ७० लाख डॉलर आणि पूर्ण व्हायचं वर्ष १९६३, झालं १९७३ मध्ये, १० कोटी २० लाखांत. तिथे कुठला मिस्त्री फोन उचलत नव्हता? छताचं डिझाइन पक्कं झालेलं नसताना १९५९ मध्ये काम सुरू केलं, आणि मग खालचे खांब त्या छताचं वजन पेलणार नाहीत हे कळल्यावर ते परत करावे लागले. माझं कपाट आणि स्विचबोर्डच की हे, फक्त जरा मोठं.

मग करायचं काय? मोठमोठे करारनामे नकोत, ते कुणी वाचत नाही. मी आता एका पानावर येऊन थांबलोय. पैसे तारखेला बांधायचे नाहीत, दिसणाऱ्या गोष्टीला बांधायचे. पाइप टाकून झाले की भिंत बुजवायच्या आधी त्यात दाबाने पाणी भरून ठेवायचं, कुठे गळालं नाही की त्याच संध्याकाळी हप्ता, दुसऱ्या दिवशी नाही. वॉटरप्रूफिंग झालं की बाथरूममध्ये पाणी तुंबवून निदान २४ तास ठेवायचं, ४८ ठेवलं तर उत्तम, खालच्या छताला ओल आली नाही की हप्ता. टाइल बसल्या की नाण्याने टकटक करत फिरायचं, पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली, फुल्या संपल्या की हप्ता. यात वाद घालायला जागाच राहत नाही, पाणी एकतर गळतं नाहीतर नाही. मोठ्या बांधकामांत बिलातून थोडे टक्के मागे ठेवतात आणि दोष दुरुस्तीची मुदत संपल्यावर सोडतात, तसा छोटासा भाग आपणही मागे ठेवायचा, पण तो परत कधी द्यायचा ती तारीख लिहूनच. ती तारीख नसेल तर त्याला मागे ठेवणं म्हणत नाहीत, बुडवणं म्हणतात.

असं पान केलं की चांगले कारागीर पळून जातील, असं मला तिघाचौघांनी सांगितलं. एक गेला, खोटं कशाला बोलू. आणि जिथे कामं भरपूर आणि हात कमी आहेत तिथे अजून जातील हे पण मान्य. पण दुसऱ्या बाथरूमच्या वेळेला जो प्लंबर आला त्याने ते पान उभ्या उभ्या वाचलं, सगळं. मग विचारलं, "दादा, मी उशीर केला तर माझं कापणार, ते लिहिलंय. नळ आणि गरम-गार पाण्याचा मिक्सर तुम्ही आणणार ना? तुम्ही उशीर केला तर?" मी म्हटलं लिहा तुम्हीच. त्याने माझ्याच पेनाने खाली लिहिलं, ‘माल नाही आला तर रोजची अर्धी हजेरी.’ अक्षर वाकडंतिकडं, पण सरळ ओळीत. मिक्सर तीन दिवस उशिरा आला, दुकानात त्या रंगाचा नव्हता आणि मला तोच रंग पाहिजे होता. तीन अर्ध्या हजेऱ्या मोजून दिल्या. देताना जीवावर आलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी नऊला त्याने बेल वाजवली तेव्हा मी अजून दात घासत होतो.